अमेरिका बाजूला झाली तं बाकीचे देश टिकतील का, हे घरबसल्या कसं तपासायचं

आमच्या गावच्या पानठेल्यावर संध्याकाळी साडेसातनंतर जगाचं राजकारण चालते. वर्षभरापासून विषय एकच, अमेरिका युरोपवरचा हात काढून घेते का, आणि काढलाच तं रशियासमोर युरोपचं काय. एक पोट्टा म्हणते आठ दिवसात खल्लास, दुसरा म्हणते काही होत नाही बे, पैसा किती हाय त्यांच्यापाशी. रिटायर फौजी काका खर्रा घोटत नुसते हसतात. मी दोन-तीन महिने ऐकलं न मंग एक दिवस वहीच काढली. तेव्हापासून माझी एक पद्धत बसली आहे, ती सांगतो. मोबाईल, एक कागद न पाऊण तास पाहिजे.

पहिले करार वाचा. वावर घेताना आपण सातबारा पाहतो का नाही, तसंच. नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा न युरोपातल्या देशांचा लष्करी गट. त्याचा करार ४ एप्रिल १९४९ चा, उणीपुरी चौदा कलमं, चहा थंड व्हायच्या आत वाचून होते. पाचवं कलम सगळ्यांच्या तोंडात असते, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पण त्याच कलमात पुढं लिहून आहे की प्रत्येक देश त्याला जी गरजेची वाटेल ती कारवाई करेल. म्हणजे कोणी रणगाडे पाठवेल, कोणी गोधड्या पाठवेल, दोन्ही करारात बसते. आणि हे कलम आजवर एकदाच लागू झालं, २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर, तेही अमेरिकेच्याच मदतीसाठी. तिसरं कलम कोणी वाचतच नाही, त्यात आहे की स्वतःची ताकद स्वतः राखा. करारासोबत हेही पाहा की हुकूम कोणाचा चालते. नाटोच्या युरोपातल्या फौजेचा मुख्य सेनापती १९५१ च्या आयझेनहॉवरपासून दरवेळी अमेरिकनच आहे. दक्षिण कोरियात अमेरिकेचे साडेअठ्ठावीस हजाराच्या आसपास सैनिक, न युद्ध पेटलं तं दोन्ही देशांच्या फौजेची कमान अमेरिकन जनरलकडं. म्हणजे उद्या तो उठून गेला तं नुसतं एक माणूस जात नाही, खुर्चीच रिकामी होते.

मंग पैसा न माणसं. यावर जास्त वेळ घालवू नका, पानठेल्यावरचे सगळे इथंच अडकतात. युरोपियन युनियनची लोकसंख्या ४५ कोटी, रशियाची साडेचौदा कोटीच्या आत. डॉलरमध्ये मोजलं तं युरोपची अर्थव्यवस्था रशियाच्या आठ-नऊ पट. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा, रशियात सैनिकही स्वस्त न गोळाही स्वस्त, म्हणून डॉलरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. नाटोच्या एकूण खर्चात दोन-तृतीयांशाच्या जवळपास एकट्या अमेरिकेचा असायचा. बाकीच्यांनी २०१४ मध्ये कबूल केलं की जीडीपीच्या २ टक्के खर्च करू, न बऱ्याच जणांनी दहा वर्षं टंगळमंगळ केली. जून २०२५ मध्ये हेग शहरातल्या नाटोच्या बैठकीत ठरलं की २०३५ पर्यंत ५ टक्के, त्यातले साडेतीन खऱ्या फौजेवर, दीड रस्ते-पूल-सायबर वगैरेवर. पोलंड तं आधीच ४ टक्क्यांवर गेला आहे, कारण त्याचं घर वेशीवर आहे.

आता खरा भाग. आमच्या शिवारात रोही न डुकरांचा लय त्रास, म्हणून चार-पाच जण मिळून जागल करतो. त्यात एका मोठ्या शेतकऱ्याकडं झटका मशीन, मोठी बॅटरी न जीप, आमच्याकडं काठ्या, फटाके न माणसं. एका साली तो पोरीच्या लग्नात अडकला न पंधरा दिवस फिरकलाच नाही. आम्हाला वाटलं पाचातला एक कमी झाला, एवढंच. पण गेला होता उजेड. डुकरं कोणत्या धुऱ्यानं शिरून राहिली हेच समजेना, न समजेपर्यंत दोन एकरातला हरभरा गेलेला. बाकी माणसं तेवढीच होती, मचाणही तेच होतं.

म्हणून कागदावर रणगाडे न विमानं मोजत बसू नका, परेडमध्ये जे दिसत नाही ते लिहा. चार खाने पाडा: वस्तू, मित्रदेशांची स्वतःची किती, मोठ्या भावाची म्हणजे अमेरिकेची किती, न नवीन उभी करायला किती वर्षं. वस्तू कोणत्या, तं टेहळणीचे उपग्रह, हवेत इंधन भरणारी टँकर विमानं, रणगाडे वाहून नेणारी मोठी मालवाहू विमानं, मिसाईल पाडणारी यंत्रणा न शत्रूचे रडार आंधळे करणारी विमानं. २०११ मध्ये नाटोनं लिबियावर हवाई हल्ले केले, तेव्हा हे उघडं पडलं. बॉम्ब टाकणारी विमानं बरीचशी युरोपची होती, पण हवेत इंधन भरायचं काम मुख्यतः अमेरिकन टँकरनं केलं, न काही आठवड्यातच नेमके मारणारे बॉम्ब संपत आले म्हणून अमेरिकेकडून घ्यावे लागले. तेही लिबियासारख्या लहान देशासमोर! दुसरी नोंद मार्च २०२५ ची करा, अमेरिकेनं युक्रेनला गुप्त माहिती देणं आठवडाभर थांबवलं होतं. बंदूक तीच, बंदूकवाला तोच, पण बॅटरी विझवली.

दारूगोळ्याचा खाना वेगळा पाडा, न हा खाना आपल्या इकडच्या माणसाला जास्त समजते. भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी, जवाहरनगरची भंडाऱ्याची, नागपूरची अंबाझरी, पुलगावचा दारूगोळा डेपो, कोणाचा ना कोणाचा जावई तिथं असतेच. युरोपियन युनियननं मार्च २०२३ मध्ये शब्द दिला की वर्षभरात युक्रेनला दहा लाख तोफगोळे देऊ. मार्च २०२४ उजाडला तेव्हा निम्म्याच्या आसपास गेले होते. पैसा नव्हता का? होता. कारखान्यांची लाईनच बारीक होती, न लाईन वाढवायची तं आधी बारूद पाहिजे.

आता गंमत ऐका. गोळा पुढं ढकलणारी बारूद नायट्रोसेल्युलोजची असते, न ते बनते कापसाच्या लिंटरपासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जो बारीक रोवा चिकटून राहते तो. युरोप यातला मोठा भाग चीनमधून घेत होता. म्हणजे अमेरिकेवर अवलंबून नको म्हणून कारखाना काढा न कच्च्या मालासाठी बीजिंगकडं पाहत बसा. (इकडं आपल्या कापसाला भाव नाही तो नाहीच, पण तो वेगळा विषय, त्यावर बोललो तं रात्र जाईल.) म्हणून कोणी 'आम्ही स्वतः बनवतो' म्हटलं की एकच विचारा, त्यातला कच्चा माल कुठला.

यानंतर चावी कोणाकडं ते पाहा. अमेरिकेचं एफ-३५ लढाऊ विमान डझनावर देशांनी घेतलं किंवा ऑर्डर केलं, पण सुटे भाग न सॉफ्टवेअर अपडेटसाठी अमेरिकेकडंच पाहावं लागते. अणुबॉम्बचंही तसंच. ब्रिटनकडं सव्वादोनशेच्या आसपास अण्वस्त्रं, बॉम्ब स्वतःचे, पाणबुड्या स्वतःच्या, पण त्यावरची ट्रायडंट मिसाईल अमेरिकन. फ्रान्सकडं २९० च्या आसपास, सगळं घरचं. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गॉल, त्यानं १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून फ्रान्सला बाहेर काढलं तेव्हा लोकांनी नावं ठेवली, न परत यायला २००९ उजाडलं, पण त्या हट्टापायी आज युरोपात पूर्ण स्वतःची चावी असलेला तो एकटाच. समोर रशियाकडं पाच हजाराच्या वर. आकड्यापेक्षा इथं वेगळाच प्रश्न आहे, रशियाला खेटून असलेल्या लहानशा एस्टोनियासाठी पॅरिस स्वतः जळायला तयार होईल का. हा खाना माझ्या कागदावर अजून कोराच आहे.

पैशाची चावी विसरू नका. १९५६ मध्ये इजिप्तच्या सुएझ कालव्यावर ब्रिटन न फ्रान्स इस्रायलला सोबत घेऊन चालून गेले, फौज जिंकत होती, पण अमेरिकेनं पौंडाचा गळा आवळला न दोघं मुकाट्यानं माघारी आले.

शेवटी प्रश्न नीट करा. 'युरोप टिकेल का' असं विचारलं तं रात्रभर उत्तर निघत नाही. कोणासमोर, कोणत्या जागी, किती दिवस, असं विचारा. फिनलंड घ्या. रशियाशी १३४० किलोमीटर सीमा, युद्धात उभी करायची फौज २ लाख ८० हजार, ५० हजाराच्या वर बंकर, त्यात ४८ लाख लोक मावतात, न देशाची लोकसंख्याच ५५-५६ लाख. हा देश २०२३ पर्यंत नाटोत नव्हताच, म्हणून त्यानं कोणाची वाट पाहायची सवयच लावून घेतली नाही. आता लिथुआनिया पाहा. त्याला पोलंडशी जोडणारी पट्टी साधारण ६५ किलोमीटरची, म्हणजे आपल्या नागपूर-वर्धेपेक्षाही कमी, एका बाजूला बेलारूस, दुसऱ्या बाजूला रशियाचं कॅलिनिनग्राड. तिथं जर्मनी पाच हजाराची ब्रिगेड कायमची ठेवून राहिली, २०२७ पर्यंत पूर्ण तयार म्हणतात.

माझ्या कागदाचं उत्तर असं निघालं: फिनलंड न पोलंड स्वतःच्या जमिनीवर बराच काळ झुंजतील, सगळे मिळून पहिले काही आठवडे रेटतील, पण उजेड (म्हणजे टेहळणी) न मिसाईल पाडणं या दोन खान्यात पाच-दहा वर्षं तरी मोठ्या भावाशिवाय भागत नाही. फौजी काकांना दाखवलं तं ते म्हणाले, "पोट्ट्या, जखमी कोण नेईन न कोठी नेईन, तो खाना कुठी हाय?" खरंच नव्हता. तुम्ही पाडाल तेव्हा तो आधीच पाडा, दवाखान्याच्या गाड्या, रेल्वे न रक्त, न समोर २०२७ न २०३५ या दोन तारखा लिहून कागद कुठंतरी जपून ठेवा.