तालुक्याच्या गावी पियानोचे एकलवादन कसे करावे

पियानोच्या एकलवादनाचा कार्यक्रम तालुक्याच्या गावी करायचा असेल, तर आधी या वाद्याच्या सुराचा स्वभाव ओळखावा लागतो. आपल्याकडील श्रोत्यांचा कान पेटीवर घडलेला आहे, आणि भजनी मंडळातली पेटी भाता चालेल तोवर सूर धरून ठेवते. पियानोत मात्र नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळून लगेच मागे सरते आणि त्या क्षणापासून सूर ओसरू लागतो. वादकाची निम्मी कला त्या ओसरण्यावर चालते. म्हणून ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी शांतता मिळवणे, हेच आयोजनाचे मुख्य काम होय.

तारीख ठरवताना हाच निकष लावावा. मार्च संपत आला की विदर्भातल्या सभागृहांत कूलर सुरू होतात आणि त्यांच्या घरघरीत हळू वाजवलेले काहीच उरत नाही. पावसाळ्यात टिनाच्या छतावर सर कोसळली की बोलणेही ऐकू येत नाही. दिवाळीनंतर हवा उत्तम असते, पण तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि त्यांच्यामागून बँड आणि डीजे. माझ्या पहिल्याच कार्यक्रमात शेजारच्या लॉनवर वरात आली आणि संथ रचनेचा संपूर्ण उत्तरार्ध मी श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरची सहानुभूती पाहत वाजवला. तेव्हापासून मी पौष महिना धरतो. पौषात लग्ने नसतात, कूलर लागत नाहीत, पाऊस क्वचितच येतो आणि सभागृहही सहज मिळते. वेळ मात्र रविवारी सकाळी दहाची ठेवावी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत हा झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. रात्रीच्या नाटकाशी स्पर्धा करण्याच्या भानगडीत पियानोवादकाने पडू नये.

वाद्याचा प्रश्न सर्वांत अवघड. मोठ्या सभागृहांतला नऊ फुटी ग्रँड पियानो जवळपास 480 किलोचा असतो, तेव्हा त्याचा विचार सोडून द्यावा. उभा पियानो साधारण 200 ते 300 किलोचा असल्याने सहा माणसे आणि एक छोटा हत्ती टेम्पो एवढ्यात काम भागते. मात्र तो गाडीत उभाच ठेवावा, चारही बाजूंनी गोधड्या लावून दोरांनी आवळावा आणि उचलताना पुढच्या नाजूक पायांना धरू नये. पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण 15 ते 20 टनांच्या घरात जातो. हा ताण मुख्यतः बिडाची चौकट पेलते, पण सूर लाकडाच्या भरवशावर असतो, आणि लाकूड हवेप्रमाणे हलते: आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातला ध्वनिफलक (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) आकसतो व सूर उतरतो, पावसाळ्यात तो फुगतो व सूर चढतो. त्यामुळे पियानो सभागृहात आणल्यावर किमान दोन दिवस तिथल्या हवेत राहू द्यावा आणि मगच, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, ट्यूनरकडून लावून घ्यावा. ट्यूनर दूरच्या शहरातून येणार असल्यास त्याचे भाडे, जेवण आणि मुक्काम खर्चात आधीच धरावा.

एवढे जमणार नसेल तर संकोच न करता डिजिटल पियानो घ्यावा. बेसूर उभ्या पियानोपेक्षा 88 पट्ट्यांचा, हातोडीसारखे वजन असलेल्या पट्ट्यांचा चांगला डिजिटल पियानो केव्हाही बरा. पेडल मात्र हलके, घसरणारे नसावे. लाईन गेली तर वाद्य आणि स्पीकर दोन्ही चालू राहतील एवढा इन्व्हर्टर असू द्यावा. माईकवाल्याशी स्वतः बोलून इकोचे बटण शून्यावर आणावे, नाहीतर बाख या जर्मन संगीतकाराच्या रचनेतल्या प्रत्येक सुराला मागून दुसरा सूर उत्तर देत राहील. खरा पियानो असेल आणि श्रोते शंभर-दीडशे असतील, तर वाद्यापुढे माईक ठेवूच नये.

जागा पाहायला गेल्यावर मधोमध उभे राहून एकदाच टाळी वाजवावी. ती बराच वेळ घुमत राहिली, तर गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती सुरांचा काला करणार हे समजावे. सतरंज्या अंथरून लोकांना खाली बसवणे हा त्यावरचा स्वस्त इलाज आहे. लोकांना तसे बसायची सवयही असते.

वादनक्रम तासाभराचा, मध्यंतराशिवायचा असावा. एकट्या वादकाने सबंध कार्यक्रम करण्याची रीत हंगेरियन पियानोवादक फ्रान्झ लिस्टने 1839 च्या सुमारास रुजवली, आणि 1840 मध्ये लंडनला त्याला ‘रिसायटल’ हे नाव मिळाले तेव्हा तिथल्या लोकांनाही ते चमत्कारिक वाटले होते. तेव्हा आपल्या गावात नवल वाटले तर वावगे काही नाही. सुरुवात बाखच्या 1722 मधल्या पहिल्या, सी मेजर स्वरातल्या प्रिल्यूडने (छोट्या पूर्वरचनेने) करावी, कारण त्यात एकेक सूर सुटा सुटा पडतो आणि श्रोत्याला वाद्याची ओळख होते. पुढे मोझार्टचा तुर्की धाटणीचा रोंडो (मुखडा पुन्हा पुन्हा येणारी रचना), बेथोव्हेनच्या 1801 मधल्या ‘मूनलाईट’ सोनाटाचा (अनेक भागांच्या रचनेचा) पहिला भाग, शूमानच्या 1838 मधल्या बालचित्रांपैकी दोन-तीन आणि शेवटी शोपँचे एखादे नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची रचना) असा क्रम चालतो. प्रत्येक रचनेआधी दोन-तीन वाक्ये मराठीत बोलावीत. चरित्र सांगू नये, काय ऐकायचे ते सांगावे. भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या तर नाराजी दाखवू नये. एखादे आजोबा खंजिरी भजनात देतात तशी एकवीस रुपयांची बक्षिसी द्यायला मंचावर आले, तर उठून नमस्कार करून ती घ्यावी.

तयारीत पाठांतरावर भर द्यावा, पण केवळ बोटांच्या सवयीवर विसंबू नये. प्रत्येक रचनेत आठ-दहा ठिकाणे अशी पक्की करावीत, जिथून मध्येच सुरुवात करता येईल; विसर पडला की मागे न जाता पुढच्या ठिकाणावर जावे. घरी डिजिटलवर सराव आणि मंचावर उभा पियानो असे असेल, तर आदल्या दिवशीचे दोन तास त्या वाद्यासाठी राखावेत. पौषातल्या सकाळी बोटे आखडतात, म्हणून कोमट पाण्याची बादली जवळ ठेवावी. शाल-श्रीफळ आणि भाषणे वादनानंतर ठेवण्याचे आयोजकांकडून आधीच कबूल करून घ्यावे. वीस मिनिटांच्या सत्कारानंतर गारठलेल्या हातांनी वाजवणे ही शिक्षाच असते.

राहिला व्यवसायाचा भाग. केवळ एकलवादनावर घर चालेल अशी आशा धरू नये. शोपँनेही आयुष्यात जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक केले आणि पॅरिसमध्ये त्याची उपजीविका मुख्यतः शिकवण्यांवर चालली. गावात राहणाऱ्याने आठवड्यातले चार दिवस शिकवणीला द्यावेत, शाळांच्या गायनवृंदांना साथ करावी आणि श्रेणी आणि पदविकेच्या परीक्षा द्याव्यात. लंडनच्या एबीआरएसएम संस्थेची वादन-श्रेणी परीक्षा घरून केलेल्या चित्रीकरणावर देता येते: चार रचना सलग वाजवायच्या, त्यांपैकी एक आपल्या निवडीची. त्याच संस्थेच्या पहिल्या पदविकेला तीस मिनिटांचा वादनक्रम लागतो, म्हणजे गावातल्या कार्यक्रमाची निम्मी तयारी तिथे कामी येते. कार्यक्रमाचेही चित्रीकरण करून ठेवावे, कारण नागपूर-अमरावतीचे आयोजक आधी तेच मागतात. मानधनाचा आकडा, वाहतूक आणि ट्यूनरचा खर्च कागदावर वेगवेगळा लिहून द्यावा. एकत्र लिहिला की कपात नेहमी मानधनातच होते.