बिननावाचं मिरचीचं रोप? फूल बघा

नर्सरीतून आणलेल्या मिरचीच्या रोपाला चिठ्ठी नसेल तर पानांवरून अंदाज बांधू नका, फसाल. फुलं येऊ द्या.

१. पेऱ्यावर एकच पांढरं फूल: बहुधा ज्वाला, ब्याडगी, ढोबळी यांच्या जातकुळीतलं.
२. एका पेऱ्यावर दोन-तीन हिरवट, झुकलेली फुलं, आणि देठ जिथे फळाच्या टोपीला मिळतो तिथे दोऱ्याने आवळल्यासारखी कडी: हाबानेरो, भूत जोलोकिया या जहाल तिखट मिरच्यांचं घराणं. हातमोजे तयार ठेवा.
३. पाकळ्यांच्या तळाशी पिवळट-हिरवे ठिपके: दक्षिण अमेरिकेतली 'अजी'.

जांभळं फूल मात्र चकवतं. शोभेच्या मिरच्यांनाही ते येतं. बी काळं निघालं तरच ती 'रोकोतो', दक्षिण अमेरिकेतलीच आणखी एक मिरची.

शोभेचं म्हणून विकलेल्या रोपावर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं. आणताना लागलेल्या मिरच्या खाऊ नका, तोडून टाका.