बडोदे संस्थानावर लघुप्रबंध: संदर्भ शोधणे, पारखणे, साठवणे

आधी प्रश्न नेमका करा. ‘सयाजीरावांच्या शैक्षणिक सुधारणा’ एवढेच शोधले तर जयंतीच्या भाषणांचा ढीग हाती येतो. ‘१८९३ मध्ये अमरेलीत सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये संस्थानभर नेताना काय अडले?’ असे विचारले की काळ, जागा आणि कोणते कागद पाहायचे हे ठरते.

बहुतेकांची गाडी अडते ती स्पेलिंगवर. ‘गायकवाड’ इंग्रजीत कुठे ‘ए-आय’ने, कुठे ‘ए-ई’ने लिहिलेले असते, आणि ब्रिटिश काळच्या कागदांत शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’ असतो. ‘सयाजीराव’ एका शब्दात सापडतो तसा दोन शब्दांतही. शहर जुन्या लिखाणात ‘बडोदा’ असते, अलीकडच्या लेखांत ‘वडोदरा’. सगळी रूपे एका कागदावर लिहून घ्या आणि गूगल स्कॉलरमध्ये (संशोधन-लेखांचे शोधयंत्र) प्रत्येक रूप अवतरणचिन्हांत घालून, मध्ये रोमन मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहून शोधा. मराठी आणि गुजराती लिपीत वेगळा शोध घ्या; फक्त इंग्रजीवर थांबलात तर गुजराती कागद हातचे जातील. जुन्या छपाईच्या स्कॅनमध्ये जोडाक्षरे चुकीची वाचली जातात, म्हणून शब्दशोधात काही आले नाही तरी अनुक्रमणिका डोळ्यांनी पाहावीच.

एक चांगला लेख मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जा आणि स्कॉलरवरच्या ‘साइटेड बाय’मधून, म्हणजे त्या लेखाचा नंतर कोणी आधार घेतला याच्या यादीतून, पुढे या. शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) पीएचडी प्रबंध यासाठी सोन्यासारखे; मात्र त्यांतला आकडा उचलण्याआधी मूळ कागद गाठा. पैसे मागणारे नियतकालिक दिसले तर पैसे भरू नका. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी विद्यापीठांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिके वाचायला देणारी केंद्र सरकारची योजना आहे, बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी असाल तर हंसा मेहता ग्रंथालयात लॉगिनची चौकशी करा.

पारखताना लेखक कोण, कागद कोणी छापला आणि कोणासाठी, हे पाहा. दरबारी गौरवग्रंथ खोटाच असतो असे नाही, पण त्यात अपयश शोधू नये. संस्थानच्या अहवालात शाळेत नाव घातलेल्या मुलांची संख्या असेल, तर ती हजेरी समजू नका. यूजीसीने २०२५ मध्ये केअर यादीच (मान्य संशोधन-नियतकालिकांची यादी) बंद केली, तेव्हा ‘केअर मान्यताप्राप्त’ या शिक्क्यावर आता विसंबता येत नाही. समीक्षा कशी होते आणि संपादक कोण आहेत हे स्वतः तपासा. गुजराती कागदावर विक्रम संवत असेल तर कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विनअखेर ५६.

साठवायला झोटेरो हे संदर्भ नोंदवण्याचे सॉफ्टवेअर पुरे. ते मोफत आहे. ऑनलाइन ३०० एमबी जागा मिळते, पण ती फक्त फाइलींना लागते, नोंदींना नाही. स्कॅन केलेल्या जड पीडीएफ ड्राइव्हवर ठेवा. स्कॅनची माहिती झोटेरोला बहुधा ओळखता येत नाही, तेव्हा लेखक, वर्ष, प्रकाशक हाताने भरा. एकाच लेखकाचे नाव कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये घातले की सूचीत दोन माणसे तयार होतात. पान क्रमांक पुस्तकावर छापलेला द्या, पीडीएफचा नाही. मुखपृष्ठामुळे दोन्हींत फरक पडतो. उतारा टिपताना पान तेव्हाच लिहा, नाहीतर सादरीकरणाच्या आदल्या रात्री तीनशे पाने पुन्हा चाळावी लागतात.