पाळलेला कुत्रा रंगवताना

ज्यांचा स्थिरचित्राचा आणि व्यक्तिचित्राचा पुरेसा सराव झालेला आहे आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांना केव्हा ना केव्हा त्याचे चित्र करावेसे वाटतेच. रेषा, प्रमाण, छायाप्रकाश हे त्यांना ठाऊक असते, त्यामुळे ते येथे पुन्हा सांगत नाही. वर्गातले मॉडेल ठरलेला वेळ बसून राहते. कुत्रा मात्र आपण ब्रश भिजवेपर्यंत उठून गेलेला असतो, आणि मग हात मोबाइलकडे जातो.

येथेच मी फार काळ अडकून पडले होते, म्हणून हे सविस्तर लिहिते. लाडक्या प्राण्याचा फोटो आपण जवळ जाऊन, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावरून काढतो. इतक्या जवळून नाक अवाजवी मोठे दिसते, डोळे आणि कान मागे पडून लहान होतात, आणि उभ्याने खाली वाकून फोटो काढला असेल तर पाय आखूड होऊन छातीखाली दडतात. फोनच्या पडद्यावर हे गोड वाटते, कारण असे फोटो पाहण्याची आपल्याला सवय आहे. तेच प्रमाण कॅनव्हासवर उतरले की घरचे लोकही कुत्रा ओळखत नाहीत. दोन-तीन मीटर मागे सरून, जमिनीलगत बसून झूम केल्यास हा दोष बराच कमी होतो, पण रंगाचा दोष उरतोच. आमची कुत्री काळी आहे. तिची खिडकीकडची पाठ निळसर असते आणि पोटाखाली तांबड्या लादीचा रंग चढलेला असतो. फोटोत मात्र या साऱ्याचा एकच काळा डाग होतो. असा फोटो ग्राफ टाकून, म्हणजे त्यावर चौकोनी घरे आखून, मोठा करायला लावणारे शिक्षक विद्यार्थ्याचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी 1995 मध्ये लॉस एंजेलिसच्या घरी स्टॅनली आणि बूजी या आपल्या दोन डॅक्सहुंड कुत्र्यांची चाळीसहून अधिक चित्रे केली, ती त्यांना समोर पाहून. एका फोटोत काळ मावत नाही, म्हणून अनेक पोलरॉइड (कॅमेऱ्यातून लगेच छापून निघणारे फोटो) जोडून 1982 मध्ये चित्रे रचणारा हा चित्रकार, कॅमेऱ्याचे कसब अंगी असूनही कुत्र्यांसाठी रंगांकडे वळला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कुत्रे थांबणार नाहीत हे धरून त्यांनी घरात जागोजागी कागद ठेवले, रंग तयार ठेवले आणि वेगाने काम केले. त्या चित्रांत कुत्रे बहुधा गादीवर एकमेकांना बिलगून पहुडलेले आहेत. आपणही आपल्या कुत्र्याच्या नेहमीच्या जागेपासून सुरुवात करावी.

एकाच कागदावर चार-पाच रेखाटने अर्धवट सुरू ठेवावीत. कुत्र्याने अंग वळवले की नवे सुरू करावे आणि तो पहिल्या स्थितीत परतला की जुने पुढे न्यावे. तो परततोच, कारण प्रत्येक कुत्र्याच्या झोपण्याच्या ठरलेल्या तऱ्हा असतात. सुरुवातीला पाने वाया गेल्यासारखी वाटतील, पण त्यातून घाबरून जाण्याचे काहीही कारण नाही. लुसियन फ्रॉइड यांच्यासारखा अत्यंत सावकाश काम करणारा चित्रकारही आपल्या प्लूटो या व्हिपेट कुत्रीला वर्षानुवर्षे चितारत राहिला, आणि ती गेल्यावर 2003 मध्ये त्याने बागेतली तिची समाधीही रंगवली.

केस एकेक करून काढू नयेत. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क यांनी 1911 मध्ये आपला रूसी नावाचा पांढरा कुत्रा बर्फात झोपलेला रंगवला, तेव्हा पिवळसर अंग आणि निळसर बर्फ एवढ्या रंगभेदावर चित्र उभे केले. ते आज फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे. पांढरा किंवा काळा कुत्रा असणाऱ्यांनी हे एक चित्र नीट अभ्यासले तरी खूप झाले.

एक इशारा मात्र कठोरपणे द्यावासा वाटतो. जमिनीलगत काम करताना तैलरंग पातळ करण्याच्या टर्पेंटाइनची वाटी आणि ओले तैलरंग कुत्र्याच्या तोंडाशी येतात. टर्पेंटाइन त्याला घातक आहे, कॅडमियमचे आणि शिशाचे रंगही विषारी आहेत, आणि पंज्याला लागलेला रंग तो चाटणारच. जमिनीवर कोळसा किंवा पेन्सिल वापरावी. तैलरंगाचे काम उंच इझलवर, खिडकी उघडी ठेवून आणि वाटीवर झाकण ठेवूनच करावे.