ब्रिटिश काळातलं जुनं लाकूड हाती आलं तर ते ओळखायचं कसं

जुना वाडा पाडतात किंवा एखादं गोदाम मोडतात तेव्हा लाकडाचा ढीग पडतो आणि विकणारा सरसकट सगळ्याला "बर्मा टीक" म्हणतो. मुंबई इलाख्यात तेव्हा इतक्या जातींची लाकडं वेगवेगळ्या कामाला लागायची की सगळं सागवान असणं शक्यच नाही, म्हणून माझी पद्धत अशी की रंग नंतर बघायचा, आधी हे लाकूड काय काम करत होतं ते शोधायचं.

बैलगाडीच्या चाकाचा तुंबा (आऱ्या बसतात तो मधला गड्डा) असेल तर बहुतेक बाभूळ, कारण धक्के खाऊनही ती पटकन फाटत नाही. गाडीचे दांडे, कुऱ्हाडीचे दांडे असले तर धावडा किंवा तिवस. तेलाच्या घाण्याची लाट (तेलबिया चिरडणारा जाड दांडा) कोशिंबाची असू शकते, मुसळ खैराचं. कोरीवकाम केलेलं काळपट फर्निचर असेल तर शिसव, एकोणिसाव्या शतकात मुंबईचं शिसवी फर्निचर फार नावाजलेलं होतं. सावर मऊ, ती खोक्यांना आणि आगपेट्यांना जायची. तुळया, खांब, चौकटी म्हटलं की साग किंवा ऐन, आणि खरी गल्लत इथेच होते.

तर साग ओळखायला पटाशीने एक कोपरा ताजा छिला. आत सोनेरी तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकट आणि वास जुन्या चामड्यासारखा. मग आडवा कापलेला भाग पॉलिश पेपरने घासून भिंगातून बघा, दर वर्षाच्या कड्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसली तर साग. ऐनात अशी ओळ नसते आणि तो उचलतानाच जड लागतो. मी स्वतः एकदा वरच्या काळ्या थरावरून शिसव समजून एक फळी घेतली आणि रंधा मारला तर आत साग, दीडशे वर्षांच्या धुराने रंग इतका फसवतो.

लोखंडी खिळ्याची जागा नक्की बघा. बाभूळ, खैर, ऐन यांच्यात टॅनिन (लोखंडाशी मिळून काळं पडणारं तुरट द्रव्य) भरपूर, त्यामुळे ओल लागली की खिळ्याभोवती काळा डाग पसरतो आणि खिळाही सडतो. सागात हे खूप कमी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची जहाजं बांधली त्यामागे हेही एक कारण होतं, ओक लोखंड खातो तसं साग खात नाही. 1817 साली इथे बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, सागाची ताकद मला त्यावरूनच पटली.

बाहेरून आणलेली झाडंही ढिगात सापडतात. महोगनी 1795 साली कलकत्त्याच्या बॉटनिकल गार्डनमध्ये आली, लालसर आणि गुळगुळीत, फर्निचरला उत्तम. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावलेला, फळीवर चकचकीत ठिपके दिसले की तोच. निलगिरी 1843 च्या सुमारास उटीकडे आली ती मुख्यतः जळणासाठी, वाळताना पिळते आणि तडकते म्हणून फळ्या काढायच्या भानगडीत पडू नका, खांबाला चालेल. सुरूची झाडं तर मद्रासकडे रेल्वे इंजिनाच्या जळणासाठीच लावायचे, ते कडक आणि सुताराला जड जाणारं लाकूड.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रेल्वेचे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढे स्लीपरसाठी साग, साल, देवदार बेसुमार तोडले गेले, परदेशातून क्रिओसोट (लाकूड टिकवायचं डांबरी तेल) भरलेले पाइनचे स्लीपरही मागवले जायचे. स्लीपर काळा, चिकट आणि डांबराचा वास मारणारा असेल तर त्याचा पलंग, किचनचा ओटा, मुलांची खेळणी काहीही करू नका, चुलीत तर अजिबात घालू नका, धूर विषारी असतो. क्रिओसोटने कॅन्सरचा धोका असतो आणि वरवर रंधून ते निघत नाही कारण ते खोलवर मुरलेलं असतं. वास नसलेला, कोरडा स्लीपर असेल तरी मधोमध कापून आतला भाग हुंगून बघा.

करवतीला लावायच्या आधी प्रत्येक तुकड्यावरून मेटल डिटेक्टर फिरवा, नाहीतर निदान चांगलं लोहचुंबक. जुने खिळे आत मोडलेले असतात आणि वरून काहीच दिसत नाही. ब्लेड गेलं तर नवीन मिळतं, डोळ्यात कपरी उडाली तर काय, म्हणून गॉगल घालूनच कापा.