परदेशातली गाडी भारतात आणताय? बोटीत चढवण्याआधी या चुका टाळा

"गाडी बोटीत चढलीय. आता कागद काय काय लागतील?"

हा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. मुंबई बंदरात क्लिअरिंगच्या, म्हणजे आलेला माल कस्टम्समधून सोडवण्याच्या, कामात माझी 19 वर्षं गेली. एवढ्या वर्षांत अडकून पडलेल्या ज्या गाड्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक उत्तम होत्या. इंजिन ठणठणीत, रंगाला ओरखडा नाही, क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे. पण तिकडचे पाच तारे इथे कोणी मोजत नाही. इथे विचारतात, ही गाडी आमच्या नियमांत बसते याचा पुरावा काय? आणि तो पुरावा गाडी तिकडे उभी असतानाच गोळा करावा लागतो. एकदा बोट सुटली की हातात फारसं काही उरत नाही.

हे सगळं मी वापरलेल्या, खासगी गाडीबद्दल लिहितोय. परदेशातला मुक्काम संपवून परत येणारी माणसं जी गाडी सोबत आणू पाहतात, तिच्याबद्दल.

तीन वर्षं चुकीच्या तारखेपासून मोजणे

वापरलेली गाडी उत्पादनाच्या तारखेपासून 3 वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी आयात धोरणाची अट आहे. वाक्यात कुठेही गुंता नाही. तरी दहातले आठ जण नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, कारण हातात तोच कागद असतो. ब्रिटनचं व्ही5सी घ्या किंवा जपानचं नोंदणीपत्र, दोन्हींवर पहिल्या नोंदणीची तारीख असते. गाडी कारखान्यातून बाहेर कधी पडली, ते त्यावरून कळत नाही.

इंग्लंडहून कायमचे परत येणारे एक डॉक्टर होते. त्यांची मुलगी त्या गाडीवर चालवायला शिकली होती, म्हणून गाडी आणायचीच होती. हिशोब त्यांनी नीट मांडून पाठवला: मुंबईत उतरेल तेव्हा 2 वर्षं 8 महिने. मी विचारलं, "डॉक्टर, उत्पादनाचा महिना कुठे लिहिलाय?" ते म्हणाले, "अहो, शोरूममधून कोरी घेतलीय मी, पहिला मालक आहे." मी त्या दिवशी आणखी आग्रह धरायला हवा होता. धरला नाही, ही गोष्ट मला आजही टोचते.

गाडी उतरली. तपासणीत कंपनीचा उत्पादनाचा दाखला मागितला गेला आणि तो आला तेव्हा सगळं स्पष्ट झालं. गाडी नोंदणीच्या 5 महिने आधी तयार होऊन कंपनीच्या यार्डात उभी होती. म्हणजे वय 3 वर्षं 1 महिना. एका महिन्यासाठी गाडी नियमाबाहेर गेली. डेमरेज, म्हणजे बंदरात पडून राहिल्याचं भाडं, रोज चढत होतं. शेवटी त्यांनी गाडी परत पाठवायची परवानगी घेतली, दुसऱ्यांदा भाडं भरलं, आणि तिकडच्या नातेवाइकांनी ती मिळेल त्या भावाला विकली. परत चढवायच्या दिवशी डॉक्टर गोदीत आले होते. बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि काही न बोलता गेले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा आणि मुळाशी शिवलेल्या कापडी लेबलचा फोटो मागवायचा. बेल्ट कधी बनला ते बहुतेक वेळा त्यावर असतं. बेल्ट आधी बनतो, मग गाडीत बसतो, त्यामुळे गाडी त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही. चारही बेल्ट पाहिले की अंदाज येतो. पण अंदाजावर गाडी पाठवायची नसते. चासी नंबर घालून कंपनीकडून उत्पादनाच्या तारखेचं पत्र घ्यायचं, आणि ते हातात येईपर्यंत बोटीचं बुकिंग करायचं नाही. उतरण्याच्या दिवशी 4 महिने तरी शिल्लक राहत नसतील, तर मी सरळ नाही म्हणतो. बोट उशिरा येते, कागद उशिरा येतात, मधे सुट्ट्या येतात.

चासी नंबरातलं दहावं अक्षर म्हणजे उत्पादनाचं वर्ष, असं सांगणारे व्हिडिओ पाहून लोक मला दुरुस्त करतात. ती अमेरिकेची पद्धत आहे. युरोपातल्या कंपन्यांवर तसं बंधन नाही, आणि अमेरिकेतही ते अक्षर मॉडेल वर्षाचं असतं. गाडी आदल्या वर्षीच बनलेली असू शकते.

डावं स्टिअरिंग "नंतर बघू" म्हणणे

दुबई, मस्कत, दोहा, कुवेत. तिथली सगळी वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. कायमच्या आयातीसाठी स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाची गाडी निदान या पायरीवर तरी टिकते. आखातातली टिकत नाही.

मग कोणीतरी सांगतं, "आमच्या ओळखीचा गॅरेजवाला उजवीकडे करून देतो." अशी बदललेली एक गाडी मी वर्कशॉपमध्ये डॅशबोर्ड उघडलेल्या अवस्थेत पाहिली आहे. ब्रेकचा बूस्टर मूळ जागीच डावीकडे होता. उजवीकडच्या पेडलपासून त्याच्यापर्यंत एक आडवी दांडी नेलेली, आणि तिचा ब्रॅकेट पत्र्याला हाताने वेल्ड केलेला. अशी दांडी काही कंपन्या स्वतःही वापरतात, पण ती त्यांनी हजारो वेळा दाबून तपासलेली असते. इथे वेल्डिंगला केसाएवढी चीर दिसत होती. गाडीचा मालक रोज मुलांना शाळेत सोडायला त्याच गाडीने जायचा. एअरबॅगची वायर लांबवायला मधे जोड दिलेला होता आणि त्यावर साधी चिकटपट्टी.

स्टिअरिंग बदलणं म्हणजे चाक इकडून तिकडे नेणं नव्हे. कॉलम, रॅक, पेडल, डॅशबोर्डमागची लोखंडी बीम, गुडघ्यांसमोरची जागा, वायपरचा सांधा, एअरबॅग उघडण्याचा कोन, सगळं कारखान्यात एका मांडणीसाठी बसवून धडकवून पाहिलेलं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. मुलाबाळांना घेऊन जायच्या गाडीत असला शॉर्टकट कोणी सुचवला की मला संताप येतो.

याच कायद्याचं कलम 120 दाखवून काहीजण वाद घालतात, कारण त्यात डाव्या स्टिअरिंगची गाडी विशिष्ट सिग्नल यंत्रणा असेल तर चालवता येते असं आहे. ते रस्त्यावर चालवण्याबद्दल आहे, आयातीबद्दल नाही. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाच्या कस्टम्स कागदावर, 6 महिने फिरायला आलेली परदेशी गाडी तुम्हाला डाव्या स्टिअरिंगची दिसते. ती परत जाण्याच्या अटीवरच आलेली असते, आणि कार्नेवर आणून इथेच ठेवून घेऊ असा बेत असेल तर तो आजच सोडा.

हेडलॅम्प न पाहणे

डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला हेडलॅम्पचा झोत डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, वर चढलेला लागतो. उजवीकडे तो खाली कापलेला असतो, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. धोरणात ही अट स्पष्ट लिहिलेली आहे. ब्रिटनची गाडी म्हणजे दिवे बरोबरच असणार, असं मीही एकेकाळी धरून चालायचो. मग एका गाडीचा एक दिवा अपघातात फुटला होता आणि मालकाने स्वस्तात जर्मनीहून मागवून बसवला होता. एक दिवा डाव्या वाहतुकीचा, एक उजव्या वाहतुकीचा. रात्री भिंतीवर झोत पाडला तेव्हा दोन्ही रेषा एकमेकींकडे वळलेल्या दिसल्या.

आता मी काचेवरच्या खुणांचा जवळून फोटो मागवतो. वर्तुळातल्या ई खुणेजवळ बाण पाहायचा. समोर उभं राहून पाहिल्यावर फक्त उजवीकडे बाण असेल तर दिवा डाव्या वाहतुकीचा. दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा. बाणच नसेल तर उजव्या वाहतुकीचा. काचेवर चिकटवायच्या पट्ट्या फेरीबोटीने आठवडाभर फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी असतात. त्या लावून इथे गाडी आणू नका.

बोटीआधीचं तपासणी प्रमाणपत्र विसरणे

गाडी आपल्या मोटार वाहन कायद्याच्या नियमांत बसते, असं प्रमाणपत्र निर्यातीच्या लगेच आधी तिथल्या मान्य तपासणी संस्थेकडून घ्यायचं असतं. ब्रिटनचं चालू एमओटी म्हणजे हे प्रमाणपत्र नव्हे. एमओटी गाडी तिथल्या रस्त्यावर चालायला ठीक आहे एवढंच सांगतं. गाडी आणखी किमान 5 वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी आहे आणि तोवर तिची सर्व्हिस होऊ शकेल, याची हमीही द्यावी लागते. ज्या मॉडेलचे भाग इथे मिळतच नाहीत, त्यांची गाडी इथेच लंगडी पडते. उतरल्यावर पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत चाचणी होते. तिथली माणसं काटेकोर आहेत आणि तसंच असायला हवं. "जरा सांभाळून घ्या" म्हणायला मला कोणी सांगू नये.

काळपट काचा

मागच्या काचा कारखान्यातूनच गडद आलेली एसयूव्ही ब्रिटनमध्ये सर्रास मिळते. आपल्याकडे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. त्या गडद काचा याच्या बऱ्याच खाली असतात. "कंपनीचीच आहे, फिल्म नाही" हे उत्तर चालत नाही, कारण मोजतात तो प्रकाश. काचा तिकडेच बदला. इथे तीच काच मागवायची म्हणजे वेगळी आयात.

न्हावा शेवा म्हणजे मुंबई नव्हे

वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच येते. तिकडचा फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवणारा एजंट, स्वस्त पडतं म्हणून कंटेनर न्हावा शेवाला टाकतो, कारण नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात. बुकिंगच्या कागदावर बंदराचं नाव स्वतः वाचा.

आणखी काही, थोडक्यात

स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनच्या गाडीत मैल मोठे आणि किलोमीटर बारीक असतात, डिजिटल असेल तर सेटिंग बदलून फोटो काढा.

एक दिवस जरी परदेशात नोंदणी झाली, तरी गाडी "नवी" राहत नाही. मीटरवर 40 किलोमीटर असले तरी.

चाचण्यांशिवाय वर्षाला 2500 गाड्या आणायची सवलत 2018 पासून आहे, पण ती उत्पादक कंपन्यांसाठी आहे. तुमच्या-माझ्यासाठी नाही.

ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये, म्हणजे परदेशातला मुक्काम हलवून परत येताना, घरसामानाला सवलत मिळते, गाडीला पूर्ण ड्युटी लागते. 2025 च्या अर्थसंकल्पात वापरलेल्या गाड्यांची मूळ ड्युटी 125 वरून 70 टक्क्यांवर आली, म्हणून मला अभिनंदनाचे फोन आले. त्याच वेळी 67.5 टक्के कृषी अधिभार लागला. जुन्या ड्युटीवरच्या सरचार्जसकट बेरीज 137.5 टक्के होती, आजही 137.5 टक्केच आहे. जीएसटी आणि आरटीओचा कर त्यानंतर.

रिकॉल निघालं असेल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील, तर तिकडच्या वर्कशॉपमध्येच काम करून घ्या. तुमचा चासी नंबर इथल्या वर्कशॉपच्या यादीत बहुधा सापडणार नाही, आणि एअरबॅग किंवा ब्रेकचा भाग यायला महिने लागतात. कामाची पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवू नका. गाडी बंदरात कस्टम्सच्या ताब्यात उभी असते आणि नेमका तोच कागद आत अडकलेला असतो.