गाळ काळा दिसला म्हणजे झालं का? तलावाचे नमुने घेताना या चुका टाळा

बाटली तलावातून वर आली, बूच लागलं, म्हणजे नमुना मिळाला, असं समजणारे फार. आतल्या जिवाणूंना मात्र कोणी सुट्टी दिलेली नसते. त्यांचा श्वास चालूच राहतो, लोह गंजतं, चुना बसतो, नायट्रेट कमी होत जातं. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांपासून बुलढाण्याच्या लोणारपर्यंत शाळा-कॉलेजचे जे प्रकल्प होतात, त्यांतले बरेचसे चुकीचे आकडे तलावात नव्हे, डिकीत ठेवलेल्या बाटलीत तयार होतात.

'फॉस्फेट शून्य' असं लिहिण्याआधी

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती चूक वाटतच नाही.

आधी गाळात काय चालतं ते पाहू. वरून पडणारी पानं, शेवाळ, शेण कुजवताना जिवाणू तळाचा ऑक्सिजन संपवतात. तो संपला की काही जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडतो. त्यानंतर पाळी येते गाळातल्या गंजाची. गंजातलं लोह विरघळून पाण्यात उतरतं आणि त्या गंजाला चिकटून बसलेलं फॉस्फेटही सुटतं. आइन्सेले या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये आणि मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये हे नातं दाखवून दिलं. म्हणजे तळाच्या पाण्यात लोह आणि फॉस्फेट हातात हात घालून येतात.

आता नेहमीचा प्रसंग. मे महिना. पोरं डोंग्यातून खोल भागात जातात, तळाचं पाणी घेतात. पाणी एकदम नितळ, सगळे खूश. बाटली पाऊण भरलेली, वर हवा. ऊन चढलेलं, गाव दूर, चाचणी 'उद्या करू'. रात्रीत हवेतल्या ऑक्सिजनने लोह पुन्हा गंजतं आणि गंज जाता जाता फॉस्फेटलाही सोबत घेऊन बसतो. सकाळी बाटलीच्या बुडाशी चिमूटभर विटकरी भुकटी दिसते. ती 'माती' म्हणून सोडून देतात आणि वरचं नितळ पाणी चाचणीच्या नळीत ओततात. निळा रंग येत नाही. वहीत नोंद होते: फॉस्फेट नाही, तलाव स्वच्छ. पावसाळा सरता सरता त्याच तलावावर हिरवी साय धरते आणि सगळे एकमेकांकडे पाहतात. फॉस्फेट होतं की, बाटलीच्या बुडाशी!

उपाय डोंग्यातच करायचा असतो. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये पाणी ओढा, हवेचा बुडबुडा काढून टाका, ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लावा, पहिले ५ मिली फेका, बाकीचं लहान बाटलीत घ्या. पाणी वर आल्यापासून दोन-तीन मिनिटांत हे उरकलं पाहिजे. फॉस्फेटची बाटली बर्फात, चाचणी २४ तासांच्या आत. लोहासाठी दुसरी बाटली, त्यात शुद्ध आम्लाचे थेंब टाकून सामू (pH) २ च्या खाली आणायचा. धोतराच्या किंवा रुमालाच्या चार घड्यांतून गाळलेलं पाणी 'गाळलेलं' धरू नका. कापडातून जिवाणू आरामात जातात.

आणि बाटल्या धुण्याच्या पावडरने घासू नका. पावडरीत फॉस्फेट असू शकतं. मग स्वच्छ तलावही घाण निघतो. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळा, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा.

काळा गाळ आणि काळी माती

पुस्तकात लिहिलेलं असतं: गाळ काळा म्हणजे सल्फेटचं सल्फाइड करणारे जिवाणू, म्हणजे लोहाचं काळं सल्फाइड. पुस्तक लिहिणाऱ्याने कपाशीचं रान पाहिलेलं नसतं. विदर्भात अर्ध्या शिवाराची माती जात्याच काळी; पावसात ती वाहून तलावात बसते. ती काळी आहे म्हणून तिथे गंधकाचं चक्र जोरात चाललंय, असा निष्कर्ष काढणं म्हणजे म्हैस काळी म्हणून दूध काळं म्हणण्यासारखं.

फरक ओळखायला दहा रुपयेही लागत नाहीत. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीवर गाळाचा पातळ थर पसरा, तासभर सावलीत ठेवा. लोहाचं सल्फाइड हवा लागताच गंजू लागतं, काळा रंग करडा-तपकिरी होत जातो. काळी माती काळीच राहते. दुसऱ्या बशीत चमचाभर ताज्या गाळावर व्हिनेगरचे पाच-सहा थेंब टाका. सडक्या अंड्याचा वास उठला तर सल्फाइड आहे. वास हाताने वारा घालून घ्या, नाक बशीत खुपसू नका. नुसता फेस आला आणि वास आला नाही, तर तो मातीतला चुना.

चुन्यावरूनही असाच गोंधळ होतो. काठावर सापडणारे चुनखडीचे गाठाळ खडे शेतातून वाहून आलेले असतात. ते तलावात जिवाणूंनी बनवले असं लिहू नका. तलावात बनलेला चुना शोधायचा तर पाण्याखालच्या वनस्पतींच्या पानांवर बोट फिरवा. खरखरीत पांढरट थर लागला तर तो कामाचा. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा पाण्यातला कार्बन ओढून घेतात, सामू चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट पानावरच बसतं.

'सकाळी' म्हणजे किती वाजता?

हिरव्या तलावाचा सामू पहाटे आणि दुपारी तीनला सारखा नसतोच; दिवसा शेवाळाने वर ढकलायचं, रात्रीच्या श्वसनाने खाली ओढायचं, असा रोजचा खेळ आहे. ऑक्सिजनचंही तेच. पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात हे मासेमारी करणाऱ्या ढिवरांना ठाऊक असतं, प्रकल्पाच्या वहीत मात्र दुपारचा भरघोस आकडा. वेळ घड्याळातली लिहा, 'सकाळ' नव्हे. एकदा सूर्योदयाआधी आणि एकदा दुपारी ३ ला, त्याच जागी, त्याच खोलीवर मोजा. सामू, तापमान आणि ऑक्सिजन तिथल्या तिथेच. घरी नेऊन मोजलेला सामू हा घरचा सामू.

सामूचं मीटर ४ आणि ७ सामूच्या ठरावीक द्रावणांवर जुळवून ९ चं पाणी मोजणारेही भेटतात. ७ आणि १० वर जुळवा. नवं द्रावण घ्या. १० चं द्रावण उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन उतरतं.

विनोग्राडस्कीचा स्तंभ आणि उतावळे लोक

बाटलीत गाळ भरून उजेडात ठेवायचा, की जिवाणूंचे रंगीत थर दिसू लागतात; गाळातले जिवाणू डोळ्यांनी दाखवायची ही सर्वात स्वस्त रीत. १.५ लिटरच्या बाटलीचा गळा कापा. ६०० मिली गाळातून काड्या-खडे काढा. त्यातल्या एक तृतीयांशात वर्तमानपत्राच्या एका पानाचे बारीक तुकडे, एक चमचा जिप्सम आणि एक चमचा अंड्याच्या टरफलाची पूड कालवून तळाशी दाबून भरा, बुडबुडा राहता कामा नये. वर साधा गाळ, त्यावर ४-५ सेंटिमीटर तलावाचं पाणी. तोंडावर प्लास्टिक, त्याला दोन-तीन टाचणीची भोकं.

बिघाड होतो तो खडूने. कृतीत 'चॉक' वाचून पोरं फळ्याचा खडू कुटतात. आपल्याकडचा बहुतेक खडू जिप्समचा असतो. त्यातून सल्फेट मिळतं, कार्बोनेट नाही. व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा, फेस नाही म्हणजे जिप्सम. जिप्समच्या जागी तो चालेल, टरफलाच्या जागी नाही.

दुसरा बिघाड उन्हाने. लवकर व्हावं म्हणून एप्रिलच्या छतावर ठेवलेली बाटली शिजते. उत्तरेच्या खिडकीत ठेवा. आठवड्याभरात काही दिसत नाही म्हणून ढवळणाऱ्याने हा उद्योग करूच नये. रंग यायला सहा ते आठ आठवडे लागतात: तळाशी काळा, त्यावर हिरवा, मग जांभळट, वर गंजासारखा पट्टा.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

पाण्यावर तेलासारखा तवंग दिसला तर काडीने तोडा. काचेसारखे तुकडे झाले तर लोहाचे जिवाणू, पुन्हा जुळला तर तेल. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विसर्जन झालेल्या जागी गाळ घेत असाल तर तसं लिहा. ते जिप्समच, जिवाणूंना फुकटचं सल्फेट. बाजारातली 'तलाव साफ करणारी जिवाणू पावडर' टाकून आठवड्यात फरक मोजायला जाऊ नका. गाळात आधीच जिवाणू खच्चून भरलेत, कमी आहे तो ऑक्सिजन.

लोणारला जाताना

लोणार हे अभयारण्य आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बाटलीभर पाणीही उचलायचं नाही. २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या आर्कियांमुळे (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव). गावच्या तळ्यावरची लाल साय पाहून 'आमचंही लोणार' म्हणू नका, ती सहसा वेगळ्याच जीवांची असते.

तिथल्या गाळात गेलुसाइट नावाचं सोडियम-कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज मिळतं. परवानगीने मिळालेला गाळ 'मीठ काढायला' नळाच्या पाण्यात धुतला की गेलुसाइट मोडतं आणि मागे कॅल्साइट उरतं. मग अहवालात फक्त कॅल्साइट येतं. न धुता, तिथल्याच पाण्यासह, काठोकाठ भरलेल्या घट्ट डबीत ठेवा आणि उन्हात वाळवू नका. त्यात पाण्याचे पाच रेणू आहेत, ते गेले की स्फटिक पांढरा पडून भुगा होतो.